पटावरची मुलं, अंगणातली मुलं

ओईसीडी नावाची एक संघटना आहे. बहुतेक श्रीमंत देश तिचे सदस्य आहेत. ती दरवर्षी शिक्षणावर एक जाडजूड अहवाल काढते. त्यात एक तक्ता हमखास असतो: कुठल्या देशात तीन वर्षांची किती टक्के मुलं बालशाळेत जातात. मोबाइल आडवा धरून हा तक्ता एकदा वरपासून खालपर्यंत बघा. फ्रान्स अगदी वर, शंभराच्या आसपास. ज्याच्या शाळांचं जगभर कौतुक होतं तो फिनलंड अनेक वर्षं सरासरीच्याही खाली. आणि जगातल्या सगळ्यांत श्रीमंत देशांपैकी एक असलेला स्वित्झर्लंड? तो पार तळाशी.

आपल्याला असे तक्ते बघायची एक सवय लागलेली असते. वरचा हुशार, खालचा ढ. पण इथे ती सवय चालत नाही. स्विस लोकांना मुलांची पर्वा नाही असं म्हणावं, तर ते खोटं. फिनलंडची मुलं मागे पडतात म्हणावं, तर २००० साली झालेल्या पहिल्या 'पिसा' चाचणीत वाचनात फिनलंडच पहिला होता. मग हा टक्का नेमकं काय सांगतो?

मला वाटतं, तो वर्तमानापेक्षा इतिहासच जास्त सांगतो. प्रत्येक आकड्याच्या पोटात एखादं जुनं भांडण बसलेलं आहे. कुठे चर्च आणि सरकारचं, कुठे दोन पक्षांचं, तर कुठे आईने घरी बसावं की कामाला जावं याचं. आणि आपल्या आकड्याच्या पोटात डहाणूजवळची एक टेकडी आहे.

मोजायचं कुणाला?

आधी मोजणीचा घोळ समजून घेऊ, कारण अर्धी गंमत तिथेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे 'बालशाळा' कशाला म्हणायचं. आंतरराष्ट्रीय मोजणीत मूल नुसतं सांभाळलं जात असेल तर ते धरत नाहीत. तिथे शिकवण्याचा काहीतरी आराखडा हवा, ठरावीक तास हवेत, प्रशिक्षित माणूस हवं. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक प्रांतांत मूल चौथ्या वर्षी किंडरगार्टनमध्ये जातं. त्याआधी ते पाळणाघरात असू शकतं, पण पाळणाघर या तक्त्यात बसत नाही. म्हणून तीन वर्षांच्या रांगेत स्वित्झर्लंड जवळपास रिकामा दिसतो. मुलं कुठे हरवलेली नाहीत, त्यांच्या खोलीच्या दारावरची पाटी फक्त वेगळी आहे.

दुसरी गोष्ट वय. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची उद्दिष्टं ठरवली. त्यात बालशिक्षणासाठी निवडलेला निर्देशांक असा आहे: पहिलीत जाण्याच्या आदल्या वर्षी किती मुलं कुठल्या ना कुठल्या शिक्षणात आहेत? ऐकायला सोपं वाटतं. पण फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी पहिलीत जातं, भारतात सहाव्या, इंग्लंडमध्ये पाचव्या. म्हणजे एकाच रकान्यात फिनलंडचं सहा वर्षांचं मूल, आपलं पाच वर्षांचं आणि इंग्लंडचं चार वर्षांचं. जगाचा हा आकडा साधारण चारात तीन मुलं असा येतो. ही 'चार मुलं' एका वयाची नाहीत हे लक्षात ठेवलेलं बरं.

तिसरी गोष्ट म्हणजे ढोबळ आणि निव्वळ दर. ढोबळ दरात वर्गात बसलेली सगळी मुलं मोजतात आणि ठरलेल्या वयाच्या मुलांच्या संख्येने भागतात. वर्गात मोठी झालेली मुलंही बसत असतील तर दर शंभराच्या वर जातो. अशा देशांची नावं दरवर्षी यादीत दिसतात. तिथे मुलं जास्त शिकतात असं नाही, ती लहान वर्गात जास्त वर्षं बसलेली असतात.

हे सगळं कळल्यावरही एक प्रश्न उरतो. फ्रान्स खरंच वर का आहे? त्यासाठी दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

आसऱ्याच्या खोल्या

युरोपात लहान मुलांच्या शाळा सुरू झाल्या त्या गिरण्यांमुळे. स्कॉटलंडमधल्या न्यू लॅनार्क इथल्या सूतगिरणीचा चालक रॉबर्ट ओवेन याने १८१६ मध्ये कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. तिच्यात अगदी दोन-तीन वर्षांची पोरंही होती. तिथे नाच-गाणं होतं, निसर्गाच्या वस्तू होत्या, आणि लहानांना पुस्तकांनी छळायचं नाही असा ओवेनचा आग्रह होता. ही कल्पना इंग्लंडभर पसरली आणि खाडी ओलांडून १८२६ मध्ये पॅरिसला पोचली. तिथल्या काही खात्यापित्या घरच्या बायकांनी गरीब मुलांसाठी जे सुरू केलं त्याचं नाव होतं 'आसऱ्याची खोली'. आई कामाला, मूल रस्त्यावर. त्या मुलाला आसरा.

या खोल्या बघायला फारशा सुखाच्या नव्हत्या. एका दालनात शंभरावर मुलं, पायऱ्यापायऱ्यांचे बाक, खूण झाली की सगळ्यांनी उठायचं, खूण झाली की बसायचं. अनेक ठिकाणी त्या जोगिणींच्या, म्हणजे कॅथलिक संन्यासिनींच्या हातात होत्या.

मग १८८० चं दशक आलं. फ्रान्समध्ये नवं प्रजासत्ताक आणि जुनं चर्च यांची जोरात जुंपली होती. भांडणाचा विषय एकच होता: पुढची पिढी कुणाची? सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केलं, सक्तीचं केलं, धर्मापासून वेगळं केलं. आणि १८८१ मध्ये 'आसऱ्याची खोली' हे नावच पुसून 'एकोल मातेर्नेल', म्हणजे 'आईसारखी शाळा' असं नाव दिलं. मूल सहाव्या वर्षी आपल्या हाती येईपर्यंत चर्चने त्याला घडवून टाकलेलं असेल, तर उशीर झाला. म्हणून सरकार तिसऱ्या वर्षाच्या मुलापर्यंत उतरलं.

त्या वर्षी निरीक्षक म्हणून नेमल्या गेलेल्या पोलीन केर्गोमार या बाईंनी पुढची छत्तीस वर्षं एकच लढाई लढली. ही मोठ्यांच्या शाळेची छोटी नक्कल होता कामा नये, मूल खेळतं तेच त्याचं काम, असं त्या देशभर फिरून सांगत राहिल्या. पण त्यांच्याइतकीच महत्त्वाची ठरली एक कोरडी प्रशासकीय गोष्ट. फ्रान्समध्ये बालशाळा ही शिक्षण खात्याचा भाग झाली. आजही तिथे तीन वर्षांच्या मुलांना शिकवणारी बाई आणि पाचवीच्या मुलांना शिकवणारी बाई एकाच संवर्गातल्या असतात. परीक्षा तीच, पगाराची श्रेणी तीच.

याचा परिणाम हळूहळू झाला. गरिबांसाठी उघडलेल्या शाळेत मध्यमवर्गाची मुलं येऊ लागली. ज्यांची आई घरी होती तीही येऊ लागली, कारण ती आता 'आसरा' नव्हती, शाळा होती. विसावं शतक संपेपर्यंत तीन वर्षांची जवळपास सगळी मुलं तिथे होती, आणि तेही सक्ती नसताना. २०१९ च्या सप्टेंबरपासून फ्रान्सने तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा सत्त्याण्णव टक्क्यांहून जास्त मुलं आधीच वर्गात बसलेली होती. कायदा सगळ्यांत शेवटी आला.

बागेवर बंदी

'किंडरगार्टन' हा शब्द जर्मनीचा. आई लहानपणीच वारलेल्या फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला हे नाव दिलं. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. लाकडी ठोकळे, लोकरीचे चेंडू, गाणी, आणि मुलांनी स्वतः लावलेले वाफे.

मुलं झाडं लावतात यात कुणाला काय धोका वाटावा? पण १८४८ च्या क्रांत्या नुकत्याच चिरडल्या गेल्या होत्या आणि प्रशियाच्या सरकारला सगळीकडे बंडखोर दिसत होते. १८५१ मध्ये त्यांनी किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण दिलं नास्तिकपणा आणि समाजवाद. त्यात फ्रोबेलच्या राजकीय विचारांच्या पुतण्याशी त्याची गल्लतही झाली होती. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० मध्ये. दरम्यान त्याच्या शिष्या देशोधडीला लागल्या आणि जिथे गेल्या तिथे बाग लावत गेल्या. अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन १८५६ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये एका जर्मन स्थलांतरित बाईनेच काढलं.

शंभर वर्षांनी जर्मनीचे दोन तुकडे झाले आणि एकाच भाषेच्या, एकाच इतिहासाच्या लोकांवर जणू प्रयोगच झाला. पूर्व जर्मनीला कामगार हवे होते आणि बाईने काम करणं हे तिथल्या विचारसरणीतही बसत होतं. १९८९ पर्यंत तिथे तीन ते सहा वयाची साधारण ९५ टक्के मुलं किंडरगार्टनमध्ये होती, आणि तीन वर्षांखालची साधारण ८० टक्के पाळणाघरात. पश्चिम जर्मनीत मोठी मुलं बऱ्यापैकी जात होती, पण तीन वर्षांखालची शंभरात दोन-तीनच. शिवाय तिथलं किंडरगार्टन बरेचदा दुपारच्या जेवणाला बंद व्हायचं. मूल घरी येणार, म्हणजे घरी कुणीतरी हवं, आणि ते 'कुणीतरी' म्हणजे आईच. तान्हं मूल सोडून कामाला जाणाऱ्या बाईसाठी जर्मन भाषेत एक शब्द आहे. त्याचा अर्थ होतो 'डोमकावळी आई'.

भिंत पडली, देश एक झाला. मग एक विलक्षण गोष्ट घडली. गर्भपाताचा कायदा दोन्हीकडे वेगळा होता, तो एक करताना प्रचंड वाद झाला. बाईने मूल ठेवावं असं वाटत असेल तर ते सांभाळायची सोयही द्या, या वाटाघाटीतून तीन वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला किंडरगार्टनमध्ये जागा मिळण्याचा हक्क मिळाला. तो १९९६ पासून लागू झाला. २०१३ पासून एक वर्षाच्या मुलालाही जागेचा हक्क आहे. तरी आजही तीन वर्षांखालच्या मुलांचा नकाशा काढला तर जुनी सीमा उमटून दिसते. पूर्वेकडे निम्म्याहून जास्त मुलं जातात, पश्चिमेकडे साधारण एक तृतीयांश. भिंत पडून पस्तीस वर्षं झाली, तरी टक्केवारीतली भिंत अजून उभी आहे.

कमी टक्क्यांचा तह

आता फिनलंड. तिथे शहरातल्या समाजवादी पक्षाला सरकारी पाळणाघरं हवी होती. शेतकऱ्यांच्या पक्षाचं म्हणणं होतं, गावातल्या बाईला पाळणाघराचा काय उपयोग, तिला घरी राहून मूल वाढवायला पैसे द्या. १९८५ मध्ये दोघांचा तह झाला. लहान मुलाला नगरपालिकेच्या पाळणाघरात जागेचा हक्क, आणि ती नको असेल तर मूल तीन वर्षांचं होईपर्यंत घरच्यांना भत्ता. धाकटं घरी असलं की थोरलंही बरेचदा घरीच राहतं. म्हणून फिनलंडचा टक्का खाली. पण त्या 'घरी'मागे सरकारचा भत्ता आहे, आणि वाटेल तेव्हा मिळणारी जागाही आहे. पहिलीच्या आधीचं एक वर्ष तिथे २०१५ पासून सक्तीचं आहे.

उलट गोष्ट अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या तेव्हा अमेरिकन सरकारने स्वतःच्या पैशाने देशभर बालकेंद्रं उघडली. युद्ध संपलं, पुरुष परतले, १९४६ मध्ये केंद्रं बंद. पुढे १९७१ मध्ये संसदेने सगळ्या मुलांसाठी अशा केंद्रांचा कायदा मंजूर केला, पण अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरून तो परत पाठवला. मुलं वाढवणं हे कुटुंबाचं काम, सरकारने सामुदायिक पद्धतीच्या बाजूने उभं राहू नये, असा त्यांचा सूर होता. तिथेही तीन वर्षांची बरीच मुलं घरी असतात. पण अमेरिकेतलं 'घरी' आणि फिनलंडमधलं 'घरी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्त्यात दोन्ही एकाच रंगात दिसतात.

रोमहून भावनगर, भावनगरहून बोर्डी

आपल्याकडची गोष्ट रोमच्या एका चाळीवजा वस्तीतून सुरू होते. सान लोरेंझो भागात एका बांधकाम संस्थेने कामगारांसाठी इमारती दुरुस्त केल्या होत्या. आईबाप दिवसभर बाहेर, पोरं जिन्यात धुडगूस घालून भिंती खराब करत. त्यांना एका जागी ठेवावं म्हणून संस्थेने एक खोली दिली आणि मारिया माँटेसरी या डॉक्टरबाईंना बोलावलं. ६ जानेवारी १९०७. आज पुण्या-मुंबईत ज्या नावावर भरमसाट फी घेतली जाते, त्या 'माँटेसरी'चा जन्म भिंती वाचवण्यासाठी गरिबांच्या वस्तीत झाला होता.

हे विचार वाचून वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांना येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईत शिकलेल्या, राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाच्या प्राचार्य राहिलेल्या. १९२६ मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. मग ताराबाई मुंबईला आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभं राहिलं. तिथे मध्यमवर्गाची, नीटनेटकी मुलं होती. शाळा नावाजली गेली.

इथे थांबल्या असत्या तरी ताराबाईंचं नाव इतिहासात राहिलं असतं. पण त्यांना एक प्रश्न छळत होता. जी मुलं येतात ती ठीक, जी येऊच शकत नाहीत त्यांचं काय? १९४५ मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्याच्या टोकाला, समुद्राकाठच्या बोर्डी गावी गेल्या. बरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. याच वर्षी याच पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या बरोबरीने वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. म्हणजे ज्या मुलांसाठी बालवाडी काढायची होती त्यांचे आईबाप तेव्हा माणूस म्हणून मोजलं जाण्यासाठी लढत होते.

'वाडी' हा शब्दही इथे ऐकण्यासारखा आहे. बोर्डी-घोलवडकडे वाडी म्हणजे चिकूची, नारळाची बाग. 'बालवाडी' म्हणजे जवळपास शब्दशः फ्रोबेलची मुलांची बाग. पण बोर्डीची बालवाडी उघडली आणि लक्षात आलं की पाड्यांवरची मुलं येतच नाहीत.

नेहमीचं उत्तर तयार असतं: 'या लोकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही.' ताराबाई आणि अनुताईंनी ते उत्तर घेतलं नाही. त्या पाड्यावर गेल्या आणि मुलं काय करतात ते बघितलं. सहा वर्षांची मुलगी कडेवर धाकटं भावंडं घेऊन हिंडत होती. ते ठेवून ती कुठे जाणार? मुलगा गुरांमागे होता. आईबाप पहाटेच मजुरीला गेलेले. शाळा लांब, पोटात भूक, आणि शाळेतली भाषा परकी.

मग एकेका अडचणीला एकेक उत्तर शोधलं गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. पाड्यावरच्या झोपडीसमोर बसायचं, आधी मुलांना आंघोळ घालायची, नखं-केस कापायचे, मग गाणी-गोष्टी. हीच अंगणवाडी. मुलगा कुरणात गुरं राखतो, तर शाळा कुरणात. तिचं नाव कुरणशाळा. मुलीच्या कडेवर भावंडं आहे, तर एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. बहिणीने धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. ती विकासवाडी. माँटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, तर चिंचोके, पानं, शिंपले, गोटे, माती यांतून मोजणं, रंग, आकार शिकवले गेले. १९५७ मध्ये हे सगळं काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, मरेपर्यंत, ते सांभाळलं.

फ्रान्सने मुलांना सरकारच्या ताब्यात आणायला शाळा काढली, पूर्व जर्मनीने आईला कारखान्यात आणायला. कोसबाडच्या प्रयोगाचा प्रश्न वेगळा होता: या मुलाच्या वाटेत नेमकं काय आडवं आलंय?

शब्द घेतला, प्रश्न राहिला

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३३ प्रकल्पांपासून. केंद्रांसाठी जो शब्द देशभर रूढ झाला तो 'अंगणवाडी'. आज पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत हाच शब्द कागदोपत्री चालतो. देशात साधारण १४ लाख अंगणवाड्या आहेत. इतकी मोठी व्यवस्था जगात क्वचितच असेल. तीही आपोआप झाली नाही. २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, आणि २००६ च्या आदेशात न्यायालयाने १४ लाखांचा आकडा आणि प्रत्येक वस्तीला अंगणवाडी मागण्याचा हक्क लिहून दिला.

पण योजनेत सेवा सहा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण, आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. शिक्षण सहातलं एक. वजन, खाऊ, रजिस्टर, गृहभेटी, निवडणुकीची कामं, आणि आता मोबाइल ॲपमध्ये माहिती भरणं, हे सगळं उरकून उरलेल्या वेळात गाणी आणि रंग. भुकेलं मूल खिचडीसाठी येतं यात काहीच वाईट नाही. कोसबाडलाही भूक हीच पहिली अडचण होती. अडचण आहे ती पुढची. फ्रान्समध्ये लहान मुलांच्या बाईंना मोठ्यांच्या बाईंइतका पगार मिळतो. आपल्याकडे अंगणवाडी सेविकेला पगार नाही, 'मानधन' मिळतं. ती कागदावर मानसेवी आहे. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. महाराष्ट्रातल्या सेविकांनी डिसेंबर २०२३ मध्ये संप सुरू केला तो जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला.

कायद्यातही अशीच एक फट आहे. आपल्या मूळ राज्यघटनेच्या ४५व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या 'सर्व' मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. खालची वयोमर्यादा लिहिलेलीच नव्हती. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झालं, पण सहा ते चौदा वर्षांसाठी. सहाच्या आतली मुलं त्या हक्काबाहेर राहिली. त्यांच्यासाठी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढंच ४५व्या कलमात उरलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एक सलग टप्पा मानला खरा, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

आणि तरीही आपला आकडा वर चालला आहे. ग्रामीण भारतातल्या घराघरांत जाऊन केलेल्या 'असर' पाहणीत तीन वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिकमध्ये नाव असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ६८.१ टक्के होतं, २०२४ मध्ये ते ७७.४ टक्के झालं. महाराष्ट्र त्यात अगदी पुढे आहे, या वयाची जवळपास सगळी मुलं पटावर आहेत. हे छोटं यश नाही. सेविकांनी दारोदार फिरून ते मिळवलेलं आहे. त्या तक्त्यात आपण फ्रान्सशेजारी बसू शकतो.

पण 'पटावर' या शब्दापाशी जरा थांबू या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. आई आणि बाप मिळून एक कोयता. त्यांच्याबरोबर तान्ही आणि रांगती मुलंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून निघतात, कारण गावात सांभाळायला कुणी नसतं. पुढचे काही महिने ती उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, साखर कारखान्याच्या आसपास असतात. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसलेली असते.

या तीन वर्षांच्या पोराचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये असू शकतं. घरी कुणी विचारायला आलं तर तो टक्क्यात मोजलाही जाईल. ऐंशी वर्षांपूर्वी बोर्डीच्या दोन बायकांनी जो प्रश्न विचारला होता, तो अजून त्या बांधावरच बसून आहे. अंगण झालं, कुरण झालं. फडात कोण जाणार?